दिनक्रमाची संहिता : व्हेरियर एल्विन यांचे पुणे आणि करंजिया

व्हेरियर एल्विन मराठी अभ्यासकाला परिचित आहेत ते 'द बैगा' (१९३९) आणि 'द मुरिया अँड देअर घोटुल' (१९४७) या ग्रंथांचे कर्ते म्हणून, आणि गो. स. घुर्ये यांच्याशी झालेल्या वादातील एक पक्ष म्हणून. आदिवासींना हिंदू समाजाचाच मागे राहिलेला घटक मानणारा घुर्ये यांचा ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला तो पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेकडून. या वादामुळे एल्विन यांची जी प्रतिमा आपल्याकडे रूढ झाली तिच्यात एक गोष्ट झाकली गेली आहे. भारतातील त्यांच्या आयुष्याची सुरुवात पुण्यात झाली, आणि ती मानवशास्त्रज्ञ म्हणून नव्हे. नोव्हेंबर १९२७ मध्ये ते येथे आले तेव्हा ते ऑक्सफर्डमधून इंग्रजी साहित्य आणि ईश्वरविद्या या दोन्ही विषयांत प्रथम वर्ग मिळवलेले, दीक्षा घेतलेले, पंचवीस वर्षांचे अँग्लिकन धर्मसेवक होते. त्यांचे वडील सिएरा लिओनचे बिशप होते. म्हणजे परदेशातील धर्मसेवा ही त्यांच्या घरची परंपराच होती.

एल्विन यांच्या विचारांच्या परिवर्तनाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे. परदेशात काम करणारा तरुण मिशनरी आपला रोजचा दिवस कसा लिहितो, आणि त्या लेखनाचा घाट बदलला की त्याच्या 'मिशनरी' असण्याचे काय होते, एवढाच प्रश्न येथे आहे. या प्रश्नाच्या दृष्टीने एल्विन यांच्या दोन संहिता महत्त्वाच्या ठरतात. पहिली 'लीव्ह्ज फ्रॉम द जंगल' (१९३६) ही करंजिया गावातील रोजनिशी. दुसरी 'द ट्रायबल वर्ल्ड ऑफ व्हेरियर एल्विन' हे त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, १९६४ मध्ये प्रकाशित झालेले आणि पुढील वर्षी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळालेले आत्मचरित्र. पुण्यातील वर्षे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी हरवली आहेत. रोजनिशी सुरू होते ती पुणे सुटल्यानंतर, आणि आत्मचरित्रात पुणे येते ते साठीच्या उंबरठ्यावरून मागे पाहणाऱ्या निवेदकाच्या मिस्कील नजरेतून, पुढील आयुष्याची प्रस्तावना म्हणून.

हे का झाले असावे याचे उत्तर आश्रमाच्या घडणीत शोधावे लागते. ख्रिस्त सेवा संघाची स्थापना जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात केली आणि १९२७ मध्ये, इंग्लंडहून आलेल्या नव्या तुकडीबरोबर, संघाचे केंद्र पुण्यात, आज ज्याला शिवाजीनगर म्हणतात त्या भागात आले. विन्स्लो यांच्यावर रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा खोल प्रभाव होता. टिळकांचे इंग्रजी चरित्र त्यांनी १९२३ मध्येच लिहिले होते. मिशनची चाकरी सोडून १९१७ मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' उभा केला, त्यामागे ख्रिस्ती धर्माने या देशात परदेशी पोशाखात वावरू नये अशी तळमळ होती, आणि विन्स्लो यांचा आश्रम हा त्या तळमळीचा एका इंग्रज माणसाने केलेला स्वीकार होता. खादीची वस्त्रे, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण, पहाटेची प्रार्थना, ध्यान, मौनाचे तास, अध्ययन, आणि इंग्रज व भारतीय सभासदांचे एकाच पंक्तीतील राहणे असा तेथील क्रम होता. मिशनऱ्याचा बंगला, त्याचा व्हरांडा आणि व्हरांड्याच्या पायरीशी उभा असलेला 'नेटिव्ह' ही एकोणिसाव्या शतकातील वास्तुरचना येथे निदान हेतुपुरस्सर मोडली होती.

तथापि ही मोडतोड ज्या साधनाने झाली ते साधन जुनेच होते. मिशेल फूको यांनी १९७५ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, शाळा, बराक आणि कारखाना यांनी वापरलेले वेळापत्रक हे मुळात मठजीवनाचा वारसा आहे. ख्रिस्त सेवा संघात भारतीय वेष आला, भजन आले, मांडी घालून बसणे आले. पण दिवसाचे तुकडे पाडणारी घंटा युरोपीय मठाचीच राहिली. नियमबद्ध दिवसाचा गुणधर्म असा की तो लिहिण्याजोगा राहत नाही. कालचा दिवस आजच्यासारखा असावा हेच नियमाचे साफल्य असते, आणि कथनाला तर कालपेक्षा आज वेगळा हवा असतो. आश्रमात एल्विन यांनी लिहिले नाही असे मुळीच नाही. रिचर्ड रोल या मध्ययुगीन इंग्रज गूढवाद्याला 'ख्रिस्ती संन्यासी' म्हणून मांडणारे पुस्तक आणि ध्यानमार्गावरील 'ख्रिश्चन ध्यान' ही त्यांची पुस्तके १९३० मधील आहेत. दोन्ही पुस्तकांत पुणे नाही. चौदाव्या शतकातील इंग्लंड आणि कालातीत 'भारतीय अध्यात्म' यांची तेथे भेट होते. १९२९ मध्ये पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी अस्पृश्यांनी सत्याग्रह केला ते पुणे, किंवा सायमन कमिशनवरच्या बहिष्काराचे पुणे या भेटीत कोठेही आड येत नाही.

ते आड आले वेगळ्या वाटेने. जानेवारी १९२८ मध्ये एल्विन साबरमतीस गेले आणि तेथे त्यांना दुसरा आश्रम दिसला. तेथेही पहाटे चारची घंटा होती, व्रते होती, सामुदायिक भोजन होते. फरक असा की, साबरमतीचा दिनक्रम आश्रमाच्या कुंपणापाशी संपत नव्हता. सूतकताई ही तेथे प्रार्थनेइतकीच उपासना होती आणि ती थेट बाजारापर्यंत व तुरुंगापर्यंत पोहोचत होती. आजारपणामुळे एल्विन यांना मध्यंतरी इंग्लंडला परतावे लागले, पण १९३० मध्ये त्यांनी 'ख्राइस्ट अँड सत्याग्रह' लिहिले तेव्हा पुण्यातील प्रार्थनागृह आणि देशातील चळवळ यांच्यामधले कुंपण त्यांच्यापुरते तरी पडले होते. याच वर्षी एक योग जुळून आला. मे १९३० ते जानेवारी १९३१ या काळात गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, आणि दर मंगळवारी साबरमतीच्या आश्रमवासीयांसाठी एकेका व्रतावर पत्र लिहीत होते. पुढे 'मंगळप्रभात' म्हणून प्रसिद्ध झालेली ती हीच पत्रे. म्हणजे एकाच शहरात, काही मैलांच्या अंतरावर, एक तरुण इंग्रज धर्मसेवक मठाच्या नियमाचा अर्थ लावीत होता आणि एक कैदी तुरुंगाच्या सक्तीच्या दिनक्रमातून आश्रमाचा नियम नव्याने लिहीत होता. या दोन लेखनांचा परस्परांशी संबंध जोडण्याचा मोह आवरायला हवा. परंतु दिनक्रम हा आध्यात्मिक आणि राजकीय अशा दोन्ही अर्थांनी 'लिहिण्याचा' विषय त्या वर्षी पुण्यात होता, एवढे नोंदवणे वावगे ठरू नये.

मिशनऱ्याने आपले दैनंदिन जीवन लिहिणे हा मात्र स्वतंत्र आणि जुना लेखनप्रकार आहे, आणि त्याची मूळ प्रेरणा आत्मसंवादाची नाही. ते लेखन पाठवण्यासाठी होते. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या धर्मोपदेशकांच्या रोजनिश्या बोस्टनला जात आणि तेथील 'मिशनरी हेरल्ड' मासिकातून वर्गणीदारांसमोर येत. अशा रोजनिशीत दिवसाचे महत्त्व त्या दिवशी किती जणांशी बोलणे झाले, किती पुस्तिका वाटल्या गेल्या, कोणाचे मन द्रवल्यासारखे वाटले यावर ठरते. रिकामा दिवस हा तेथे अपराध असतो, किंवा परीक्षा असते. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने गेले. अशा मृत्यूने अनेक रिकाम्या दिवसांना पूर्वलक्षी अर्थ प्राप्त होतो. या प्रकारात लेखक, वर्ण्य लोक आणि वाचक असा त्रिकोण असतो, पण त्यातली एक बाजू नेहमीच मुकी असते: ज्यांच्याविषयी लिहिले जाते ते वाचणारे नसतात.

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो मराठीच्या अंगणातला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यास पोहोचल्यावर १० नोव्हेंबर १५७९ रोजी वडिलांना लिहिलेले पत्र हॅकलूट यांच्या संग्रहात छापले गेले. लिस्बनहून एप्रिलमध्ये निघालेल्या जहाजावरचे वारे, मासे, पक्षी, आजार यांनी ते भरलेले आहे. तिशीतल्या जेझुइटाचे कुतूहल त्यात जागोजागी दिसते. पुढची चाळीस वर्षे ते साष्टीत राहिले, आणि त्या चाळीस वर्षांचा दिवस त्यांनी युरोपला कळवण्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी साठवला. १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'च्या ओवीत, तिच्यातल्या फुलांच्या, अन्नाच्या, नात्यागोत्याच्या शब्दांत तो दिवस आहे. तेथे वाचक बदलला होता. ज्यांच्यामध्ये राहायचे त्यांच्यासाठीच लिहायचे, या निर्णयाने स्टीफन्स यांच्या दैनंदिनाला भाषा मिळाली. अर्थात त्या निर्णयामागे धर्मांतराचा हेतू होता आणि साष्टीतील सत्तेचे वास्तवही होते, हे विसरून स्टीफन्स यांचे कौतुक करणे हा आपल्याकडील साहित्येतिहासाचा एक भाबडेपणा आहे.

एल्विन यांची रोजनिशी या दोन टोकांमध्ये ठेवून पाहावी लागते. १९३१ मध्ये त्यांनी संघ सोडला. बरोबर शामराव हिवाळे होते, संघातीलच एक महाराष्ट्रीय ख्रिस्ती तरुण. जमनालाल बजाज यांनी मध्य प्रांतातील गोंडांमध्ये काम करण्याचे सुचवले. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईत मणिभवनात गांधीजींना अटक झाली तेव्हा हे दोघेही त्याच वास्तूत होते. त्याच महिन्याच्या अखेरीस ते तत्कालीन मंडला जिल्ह्यातील करंजियाला पोहोचले. नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांनी एल्विन यांना धर्मसेवेचा परवाना दिला नाही. तेव्हा गवताच्या छपराखाली 'संत फ्रान्सिसचा आश्रम' उभा राहिला तो कोणत्याही धर्मप्रांताच्या अधिकृत आधाराविना, आणि धर्मांतर करायचे नाही हे ठरवून.

रोजनिशीच्या घाटातील बदल येथे घडतो. धर्मांतर दिवसातून वजा केले की मिशनरी अहवालाला कळवण्याजोगे 'फळ'च उरत नाही. उरतात त्या क्षुल्लक गोष्टी: खरूज आणि नायट्याचे रोगी, औषधांच्या बाटल्या, उंदीर, साप, पावसात गळणारे छप्पर, येणारेजाणारे अधिकारी, मांत्रिकांची स्पर्धा, शाळेत न येणारी मुले. पारंपरिक मिशनरी दैनंदिनीत या गोष्टी अडथळे म्हणून येतात. 'लीव्ह्ज फ्रॉम द जंगल'मध्ये त्याच नोंदीचा मुख्य विषय होतात आणि त्यांच्यावर कोणत्याही उच्च अर्थाचे आरोपण होत नाही. नोंदी आखूड आहेत. बहुतेकींचा शेवट एखाद्या कोरड्या, खालच्या पट्टीतल्या वाक्याने होतो. निवेदक स्वतःला सतत हास्यास्पद करतो. सेवेला निघालेला संत आणि त्या संतपणाची रोज फजिती करणारे जग यांच्या विसंगतीतून या रोजनिशीचा विनोद निर्माण होतो. रोमां रोलां यांनी लिहिलेली प्रस्तावना गंभीर आणि गौरवपर आहे. पुस्तकाचा स्वभाव तिच्याशी जुळत नाही, आणि हे न जुळणे पुस्तकाच्या पथ्यावर पडले आहे.

मिशेल द सेर्तो हे स्वतः जेझुइट होते आणि त्यांचाही अभ्यास गूढवादापासूनच सुरू झाला. १९८० मधील दैनंदिन व्यवहारांवरील ग्रंथात त्यांनी एक भेद केला आहे: संस्थांना स्वतःची जागा असते आणि म्हणून त्या व्यूह रचू शकतात, ज्यांना स्वतःची जागा नसते ते मिळेल त्या क्षणाचा उपयोग करून युक्तीने जगतात. हा भेद एल्विन यांना लावला तर पुण्याचा आश्रम हा व्यूह ठरतो आणि करंजियाचा दिवस हा युक्तीचा दिवस ठरतो. पुण्याचा दिवस लिहिला गेला नाही आणि करंजियाचा लिहिला गेला, याचे कारण या भेदात बरेचसे सापडते. पण येथे थांबणे सोयीचे असले तरी बरोबर नाही.

कारण करंजियाचा दैनंदिन अवकाशही मोकळा नव्हता. १९३२ च्या उन्हाळ्यात एल्विन इंग्लंडला गेले, आणि परत येण्याची परवानगी मिळवण्यासाठी त्यांना लेखी हमी द्यावी लागली: राजकीय चळवळीत भाग घेणार नाही, स्वतःला गोंडांमधील कामापुरते मर्यादित ठेवीन. 'ख्राइस्ट अँड सत्याग्रह'च्या लेखकाने ही हमी दिली. ती लक्षात घेतली की त्यानंतरच्या नोंदींतील उंदीर आणि गळके छप्पर वेगळे दिसू लागतात. दैनंदिनाचे क्षुल्लकत्व ही या रोजनिशीची कलात्मक निवड आहे यात शंका नाही. पण ती निवड ज्या चौकटीत झाली ती चौकट इंडिया ऑफिसने आखलेली होती. क्षुल्लक गोष्टी लिहिण्यास तेवढी परवानगी होती. १९३२ ते १९३५ या वर्षांत देशात जे चालले होते त्याला या पुस्तकात फार थोडी जागा आहे. समीक्षकांनी ती अल्प जागा निरागसता समजून वाचली. तिला मौन म्हणून वाचणे अधिक न्याय्य ठरेल. मौनाचा अभ्यास एल्विन यांनी पुण्यात केलाच होता. येथे त्याचा उपयोग निराळा झाला.

दुसरा प्रश्न हास्याचा. निवेदक स्वतःला हसतो हे खरे, पण नोंदीत गोंड रोगी, गोंड मांत्रिक, गोंड विद्यार्थी हेही असतात, आणि त्यांच्या वाट्याला येणारे हसू नेहमीच त्याच प्रतीचे नसते. याचे कारण लेखकाच्या मनात शोधू नये, अभिप्रेत वाचकात शोधावे. लंडनच्या जॉन मरे यांनी प्रकाशित केलेल्या या पुस्तकाचा वाचक इंग्रज सुशिक्षित मध्यमवर्ग आहे. त्याला स्वतःला हसणारा इंग्रज ओळखीचा वाटतो. गोंडाचे वागणे मात्र त्याला गंमत म्हणूनच पोहोचते. मिशनरी अहवालातील त्रिकोण येथे मोडलेला नाही. त्यातून उपदेश गेला, पत्ता तोच राहिला.

ही गोष्ट अधिक स्पष्ट होते ती लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'शेजारी ही रोजनिशी ठेवली असता. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मधील. फेब्रुवारी १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या आणि त्याच वर्षी 'लीव्ह्ज फ्रॉम द जंगल' आले. ज्या टिळकांच्या प्रेरणेतून विन्स्लो यांचा आश्रम उभा राहिला, त्याच टिळकांच्या घरातला रोजचा दिवस लक्ष्मीबाईंनी लिहिला. धर्मसेवेला वाहून घेतलेल्या अव्यवहारी माणसाची फजिती हा दोन्ही पुस्तकांचा समान विषय आहे, आणि दोन्ही पुस्तके हसवतात. परंतु लक्ष्मीबाईंच्या हसण्याची किंमत त्यांनी स्वतः मोजलेली आहे. टिळकांनी एखादी वस्तू कोणाला देऊन टाकली की संध्याकाळी चुलीवर काय शिजवायचे हा प्रश्न त्यांचा होता. त्यांचा विनोद संतापातून, वर्षानुवर्षांच्या ताटातुटीतून आणि पुन्हा जुळलेल्या संसारातून आला आहे. जिच्यात तो संसार झाला त्या बोलीतच तो लिहिला गेला असल्याने वाचक आणि वर्ण्य लोक एकाच घरातले आहेत. एका बाईच्या स्मरणकथनाशी एका पाहुण्याच्या रोजनिशीची तुलना अन्याय्य आहे असा आक्षेप येईल. आक्षेपात तथ्य आहे. स्मरणाला निवडीची सवड असते, रोजनिशीला त्या रात्रीच्या कंदिलाइतकीच. तरीही ज्याच्याकडे रोज पाहायचे त्याच्या घरची भूक आपल्या नोंदीत कोणत्या व्याकरणाने येते, हा प्रश्न दोघांनाही सारखाच विचारता येतो, आणि लक्ष्मीबाईंच्या गद्याने त्याचे उत्तर अधिक निर्भयपणे दिले आहे.

आत्मचरित्राविषयी थोडक्यातच बोलणे पुरेसे आहे. ते वाचनीय आहे, प्रामाणिकही आहे, पण त्यात दिवस नाहीत, टप्पे आहेत. १९३५ मध्ये चर्चशी असलेले नाते संपवणे, १९५४ मधील भारतीय नागरिकत्व, ईशान्येतील शासकीय काम हे टप्पे सुबक रीतीने एकापुढे एक येतात, आणि पुण्यातील प्रार्थनेचे तास त्यात एक गमतीदार पूर्वरंग होऊन बसतात. पहिल्या विवाहासारखी आयुष्यातील मोठी उलथापालथ थोड्याशा ओळींत आटोपली जाते. ज्या लेखकाने करंजियाच्या एका उंदराला नोंद दिली त्याने स्वतःच्या घरातल्या वर्षांना ती दिली नाही. रोजनिशी ही आत्मचरित्राहून श्रेष्ठ साहित्यकृती आहे, असे म्हणताना हीच गोष्ट अभिप्रेत आहे: तिच्यात लेखकाला आपले पुढे काय होणार हे माहीत नाही. नोंद करणारा तिशीतला माणूस अजून पुरता माजी मिशनरी झालेला नाही आणि मानवशास्त्रज्ञही झालेला नाही. चर्चने परवाना नाकारला आहे, सरकारने हमी घेतली आहे, आणि सकाळी दाराशी रोगी आले आहेत.

त्या रोग्यांकडे पुष्कळदा शामराव जात. रोजनिशीत ते सर्वत्र आहेत: औषध देणारे, भांडणे मिटवणारे, गावाशी बोलणारे. त्यांचे काम दिसते. दिवसाच्या अखेरीस त्यांना काय वाटले ते दिसत नाही. १९४६ मध्ये शामरावांनी 'स्कॉलर जिप्सी' हे पुस्तक लिहिले. ते एल्विन यांच्याविषयी आहे, आणि इंग्रजीत आहे. त्याच वर्षी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवरचा त्यांचा ग्रंथही आला. पुण्याच्या आश्रमातून निघालेल्या दोन तरुणांपैकी जो परदेशातून आला होता त्याचे दिवस आपल्याला तारीखवार वाचता येतात. जो येथलाच होता त्याने आपल्या मित्राचे चरित्र लिहिले, परधानांचे जीवन लिहिले. 'स्कॉलर जिप्सी'तील करंजिया आणि 'लीव्ह्ज फ्रॉम द जंगल'मधील करंजिया शेजारी ठेवून, एकाच प्रसंगाच्या दोन नोंदी ताडून पाहण्याचे काम मराठीच्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने हाती घेण्यासारखे आहे.